मनगट दुखतंय म्हणजे संधिवातच का? सांधेदुखीतला फरक डॉक्टर कसा ओळखतात

बाळ चार महिन्यांचं झालंय. आईचं उजवं मनगट दुखतंय. बाळाला काखेत हात घालून उचललं की अंगठ्याच्या बाजूने कळ जाते. घरात कुणी म्हणतं, बाळंतपणात वारं लागलं. कुणी म्हणतं, कॅल्शियम कमी पडलं. मैत्रीण व्हॉट्सअ‍ॅपवर सांगते, ‘आरए टेस्ट करून घे.’

या एकाच दुखण्यामागे दोन अगदी वेगळी कारणं असू शकतात. पहिलं कारण म्हणजे अंगठा हलवणाऱ्या कंडरांचा त्रास. या कंडरा मनगटाजवळ एका अरुंद बोगद्यातून जातात. बाळाला सारखं उचलून त्या बोगद्याचं अस्तर जाड होतं आणि कंडरा घासायला लागतात. स्विस सर्जन फ्रिट्झ डी क्वेर्व्हेन यांनी १८९५ मध्ये याचं वर्णन केलं, म्हणून याला ‘डी क्वेर्व्हेन’चा आजार म्हणतात. पट्टा, उचलण्याची पद्धत बदलणं आणि गरज पडली तर एखादं इंजेक्शन, एवढ्यावर बहुतेकींचं भागतं.

दुसरं कारण रूमॅटॉइड आर्थ्रायटिस, ज्याला आपल्याकडे बरेच जण आमवात म्हणतात. यात शरीराची रोगप्रतिकारशक्तीच सांध्याच्या अस्तरावर हल्ला करते. गरोदरपणात हा आजार अनेकींमध्ये शांत होतो आणि बाळंतपणानंतरच्या महिन्यांत उसळतो. काहींमध्ये त्याची सुरुवातच तेव्हा होते. वेळेत उपचार झाले नाहीत तर सांध्यातली कूर्चा आणि हाड कुरतडलं जातं, आणि ते पुन्हा भरून येत नाही.

म्हणजे एकीला पट्टा पुरे आहे, तर दुसरीच्या हातात वेळ कमी आहे. ही निवड रक्ताच्या एका रिपोर्टवर होत नाही. ती मुख्यतः हात तपासून होते, आणि म्हणूनच सांध्यांच्या डॉक्टरला सांध्यांच्या आजूबाजूचं सगळं माहीत असावं लागतं.

कोण कुठला डॉक्टर?

हाडं, सांधे, स्नायू, कंडरा, लिगामेंट आणि त्यांच्याशी जोडलेल्या नसा या सगळ्या यंत्रणेच्या दुखण्यांना मस्क्युलोस्केलेटल आजार म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या आकडेवारीनुसार जगात सुमारे १७१ कोटी लोकांना यातला काही ना काही त्रास आहे, आणि त्यात सर्वाधिक वाटा कंबरदुखीचा आहे. या दुखण्यांचं निदान आणि शस्त्रक्रियेविना उपचार म्हणजे मस्क्युलोस्केलेटल मेडिसिन.

आपल्याकडे ‘हाडांचा डॉक्टर’ म्हटलं की ऑर्थोपेडिक सर्जन डोळ्यांसमोर येतो. फ्रॅक्चर, फाटलेलं लिगामेंट, गुडघा बदलणं ही त्यांची कामं. रूमॅटॉलॉजिस्ट, म्हणजेच संधिवाततज्ज्ञ, सर्जन नसतो. तो बहुतेक वेळा एमडी मेडिसिन करून पुढे या विषयात डीएम केलेला फिजिशियन असतो. आमवात, ल्युपस, गाऊट, मणक्याचा दाहक आजार हे त्याचे मुख्य विषय. फिजिओथेरपिस्ट आणि पुनर्वसनाचे तज्ज्ञ हालचाल आणि ताकद परत मिळवून देतात.

कागदावर ही वाटणी छान दिसते. पण रुग्ण येतो तो ‘मला ल्युपस आहे’ असं म्हणत येत नाही. तो म्हणतो, ‘खांदा दुखतो’, ‘टाच दुखते’, ‘सगळं अंगच दुखतं’.

भिगवणने काय दाखवलं?

पुणे-सोलापूर रस्त्यावरचं भिगवण फ्लेमिंगो बघायला जाणाऱ्यांना ठाऊक असतं. संधिवाताच्या जगात मात्र ते वेगळ्याच कारणाने ओळखलं जातं. १९९६ मध्ये पुण्याचे संधिवाततज्ज्ञ डॉ. अरविंद चोप्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथे घरोघरी पाहणी केली. जागतिक आरोग्य संघटना आणि संधिवाताच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या ‘कॉपकॉर्ड’ या कार्यक्रमाचा तो भाग होता. लोक दवाखान्यात येण्याची वाट न बघता घरी जाऊन ‘दुखतं का?’ विचारायचं, असं त्याचं स्वरूप होतं.

चार हजारांहून जास्त प्रौढांमध्ये सुमारे १८ टक्के लोकांनी हाडं-सांधे-स्नायूंच्या दुखण्याची तक्रार सांगितली. रूमॅटॉइड आर्थ्रायटिस आढळला सुमारे अर्धा टक्का लोकांमध्ये. बाकीच्यांत सांध्यांची झीज होती, कंडरा आणि स्नायूंची दुखणी होती, आणि ठाम नाव देता येणार नाही अशी दुखणीही बरीच होती.

अर्धा टक्का ऐकायला किरकोळ वाटतो. पण दहा हजार प्रौढांच्या गावात तो पन्नास माणसं होतो, आणि ही पन्नास माणसं अठराशे दुखणाऱ्यांच्या गर्दीत मिसळलेली असतात. सगळ्यांनाच ‘वात आहे, वयोमानाने होतं’ म्हणून गोळी दिली, तर त्या पन्नास जणांचे हात वाकडे होतात. उलट सगळ्यांनाच आमवाताची औषधं सुरू केली, तर शेकडो लोक विनाकारण यकृताच्या आणि रक्ताच्या तपासण्या करत बसतात. दोन्ही चुका घडतात. पहिलीची चर्चा होते, दुसरीची फारशी होत नाही.

सकाळी हात किती वेळ आखडलेला असतो?

अनुभवी डॉक्टरचे पहिले काही प्रश्न गप्पांसारखे वाटतात, पण निम्मं निदान तिथेच होतं. सकाळी उठल्यावर सांधे किती वेळ आखडलेले असतात? झिजेच्या दुखण्यात आखडणं सहसा अर्ध्या तासाच्या आत मोकळं होतं आणि दिवसभराच्या कामानंतर दुखणं वाढतं. दाहाच्या दुखण्यात ते तासभर किंवा त्याहून जास्त टिकतं, आणि माणूस हालचाल करू लागला की सुटतं. कणीक मळता येत नाही, कपबशीचा कान धरता येत नाही, आणि दहा-अकरा वाजेपर्यंत सगळं ठीक होतं, असं कुणी सांगितलं की संधिवाततज्ज्ञ सावध होतो.

हा नियम बिनचूक नाही. टाचेच्या तळव्याकडची पट्टी दुखावलेल्या माणसालाही सकाळचं पहिलं पाऊल टाकताना कळ येते. पण ती काही पावलांत कमी होते आणि हातांना काही झालेलं नसतं.

दुसरा प्रश्न, कुठले सांधे? आमवात मनगटं, बोटांची मुळं, बोटांचे मधले सांधे आणि पायाच्या बोटांची मुळं धरतो, तेही बहुधा दोन्ही बाजूंना. नखाजवळचा सांधा तो सहसा सोडून देतो. तिथे कडक गाठी आल्या असतील तर ती बहुतेक वेळा झीज असते. अर्थात सोरायसिसशी जोडलेला संधिवात नखाजवळचाही सांधा धरतो, म्हणून डॉक्टर नखांवर बारीक खड्डे आहेत का आणि डोक्यात, कोपरावर खवले आहेत का हेही बघतात. ‘माझं मनगट दुखतंय आणि हे डोक्यात काय शोधतायत?’ असा प्रश्न रुग्णाला पडतो, त्याचं उत्तर हे आहे.

मग येतो हाताने तपासण्याचा भाग. लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयातले डॉक्टर जेम्स सिरियाक्स यांनी विसाव्या शतकाच्या मध्यात यासाठी एक सोपी रीत घालून दिली. त्यांची काही मतं पुढे मागे पडली, पण ही रीत टिकली. एकच हालचाल तीन प्रकारे करून बघायची. रुग्णाने स्वतः हात हलवायचा, मग रुग्णाने हात सैल सोडायचा आणि डॉक्टरने हलवायचा, आणि शेवटी डॉक्टरने हात अडवून धरायचा आणि रुग्णाने जोर लावायचा.

खांद्याचं उदाहरण घ्या. एका बाईला केस विंचरता येत नाहीत, ब्लाउजचे मागचे हूक लावता येत नाहीत. डॉक्टरने हात हलवला तरी तो एका ठिकाणी अडतो, विशेषतः बाहेरच्या बाजूला फिरवताना. म्हणजे सांध्याची पिशवीच आवळली आहे, हा फ्रोझन शोल्डर, आणि मधुमेह असलेल्यांमध्ये तो जास्त दिसतो. दुसऱ्या बाईची तक्रार तीच, पण डॉक्टरने हात उचलला की तो पूर्ण वर जातो आणि अडवून जोर लावायला सांगितलं की दुखतं. इथे सांधा ठीक आहे आणि कंडरा दुखावली आहे. या दोघींचे व्यायाम वेगळे आणि बरं व्हायला लागणारा वेळही वेगळा. यात एमआरआय लागला नाही, पाच मिनिटं लागली.

मनगटाचंही तसंच. अंगठा मुठीत धरून मूठ करंगळीकडे झुकवली की डी क्वेर्व्हेनमध्ये अंगठ्याच्या बाजूला तीव्र कळ येते. आमवातात मनगटाच्या पाठीवर मऊ, ओलसर स्पंजसारखी सूज लागते आणि बोटांच्या मुळांना आडवं दाबलं की रुग्ण हात मागे घेतो. हस्तांदोलन नकोसं होणं ही याचीच घरगुती खूण.

‘आरए पॉझिटिव्ह’ म्हणजे नक्की काय?

रूमॅटॉइड फॅक्टर हा रक्तातला घटक एरिक वालर यांनी १९४० मध्ये आणि हॅरी रोझ यांनी १९४८ मध्ये स्वतंत्रपणे दाखवला. नावात ‘रूमॅटॉइड’ असल्यामुळे पॉझिटिव्ह म्हणजे आजार आहे असा समज पसरला. पण साधारण पाच टक्के निरोगी माणसांतही तो सापडतो. क्षयरोग, कुष्ठरोग, हिपॅटायटिस सी अशा आजारांत सापडतो आणि वाढत्या वयातही.

हिशेब करून बघू. एक हजार प्रौढांची सरसकट तपासणी केली आणि भिगवणसारखं प्रमाण धरलं, तर त्यांत खरा आजार असलेले पाच जण. त्यातल्या चौघांची टेस्ट पॉझिटिव्ह आली असं मानू. उरलेल्या निरोगी माणसांतल्या पाच टक्क्यांची, म्हणजे जवळजवळ पन्नास जणांची टेस्टही पॉझिटिव्ह येणार. म्हणजे ‘आरए पॉझिटिव्ह’ असा कागद घेऊन फिरणाऱ्या ५४ जणांपैकी आजार फक्त चौघांना. शिवाय खरा आजार असलेला पाचवा माणूस ‘नॉर्मल’ रिपोर्ट घेऊन निर्धास्त घरी.

सांधे सुजलेल्या माणसामध्ये हीच टेस्ट उपयोगी ठरते, कारण तिथे आजाराची शक्यता आधीच वाढलेली असते. अँटी-सीसीपी ही नंतर आलेली तपासणी जास्त नेमकी आहे, पण तीही हात तपासण्याला पर्याय नाही. ‘वाताची सगळी पॅकेज टेस्ट’ करून मग डॉक्टर शोधणं म्हणजे उलटा क्रम झाला.

युरिक अ‍ॅसिडची गोष्टही अशीच. ते वाढलेल्या अनेकांना आयुष्यात कधी गाऊट होत नाही, आणि गाऊटच्या ऐन झटक्यात ते नॉर्मलही येऊ शकतं.

तरुणाची कंबर आणि ‘गॅप’

सर्वांत जास्त घोळ कंबरदुखीत होतो. पंचविशीतला मुलगा म्हणतो, कंबर दुखते. एक्स-रे होतो, ‘मणक्यात गॅप आहे’ असं सांगितलं जातं, पट्टा आणि आराम. ज्याची कंबर वजन उचलून लचकली आहे, तो काही आठवड्यांत बरा होतो, आराम केला किंवा नाही केला तरी. पण काही तरुणांमध्ये हे अँकिलोजिंग स्पाँडिलायटिस असतं. त्यात दुखणं हळूहळू सुरू होतं, तीन महिन्यांहून जास्त टिकतं, रात्रीच्या उत्तरार्धात जाग आणतं आणि आरामाने वाढतं. चालल्या-फिरल्यावर बरं वाटतं. त्याला पडून राहायला सांगणं म्हणजे नेमका उलटा सल्ला.

या आजाराचा एचएलए-बी२७ या जनुकाशी असलेला संबंध १९७३ मध्ये समोर आला. पण हे जनुक असलेल्या बहुतेकांना आजार होत नाही, म्हणून इथेही रिपोर्टच्या आधी प्रश्न येतात. टाच दुखते का? डोळा कधी लाल होऊन दुखला होता का? घरात कुणाला असा त्रास होता का? एक्स-रेवर बदल दिसायला काही वर्षं लागू शकतात, एमआरआयवर ते लवकर दिसतात. निदान अनेक वर्षं उशिरा होणं हे या आजारात जगभर नेहमीचं आहे, आणि त्या काळात मणका हळूहळू बांबूसारखा ताठ होत जाऊ शकतो.

चिकनगुनियाने वाढवलेला गोंधळ

२००६ च्या साथीत महाराष्ट्रात गावंच्या गावं ताप आणि सांधेदुखीने आडवी झाली होती. चिकनगुनिया हा शब्द आफ्रिकेतल्या माकोंडे भाषेतला आहे, वाकून जाणं असा त्याचा अर्थ. ताप आठवड्यात जातो, सांधे मात्र काहींचे महिनोन्‌महिने दुखतात, सुजतात आणि सकाळी आखडतात, अगदी आमवातासारखे. बहुतेकांचं दुखणं पुढे ओसरतं. काहींमध्ये ते टिकून राहतं आणि त्यावर आमवाताची औषधं द्यावी लागतात. अशा वेळी तापाची तारीख, घरातल्या इतरांनाही ताप होता का आणि गल्लीत साथ होती का, ही माहिती महागड्या तपासणीइतकीच मोलाची ठरते.

घाई कशात आणि का?

अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकचे फिलिप हेंच यांनी १९३८ मध्ये नोंदवलं होतं की गरोदरपणात आमवात सुधारतो. शरीरातलंच काहीतरी आजार शांत करतं, या विचारातून पुढे १९४८ मध्ये त्यांनी कॉर्टिसोन एका रुग्णावर वापरलं. अंथरुणाला खिळलेली बाई काही दिवसांत चालू लागली. १९५० मध्ये हेंच यांना केंडल आणि रायशस्टाइन यांच्यासह नोबेल मिळालं. पुढच्या काही वर्षांत हेही कळलं की मोठ्या डोसमध्ये दीर्घकाळ घेतलेलं स्टेरॉइड हाडं ठिसूळ करतं, साखर वाढवतं आणि जंतुसंसर्गाला दार उघडतं. नाव नसलेल्या पुडीने किंवा गोळीने दोन दिवसांत सूज उतरत असेल, तर त्यात स्टेरॉइड असण्याची शंका घ्यायलाच हवी. अशी गोळी बरेच दिवस चालू असेल तर ती एकदम बंद करणंही धोक्याचं असतं, ते डॉक्टरच्या देखरेखीखाली हळूहळू करायचं.

आज आमवाताचं मुख्य औषध मेथोट्रेक्झेट आहे. अमेरिकेत त्याला या आजारासाठी १९८८ मध्ये मान्यता मिळाली. सूज सुरू झाल्यापासून पहिल्या काही महिन्यांत औषध मिळालं तर सांधे वाचण्याची शक्यता बरीच जास्त असते. गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते, ठरलेल्या वारी. चुकून ती रोज घेतली तर तोंड सोलवटतं, रक्तातल्या पेशी घटतात, जिवावरही बेतू शकतं. म्हणून घरातल्या दुसऱ्या माणसालाही तो वार माहीत असावा. गरोदरपणात हे औषध चालत नाही आणि अंगावर पाजणाऱ्या आईलाही सहसा देत नाहीत. सुरुवातीच्या त्या आईला आमवात निघाला, तर तिच्यासाठी हायड्रॉक्सिक्लोरोक्विनसारखे दुसरे पर्याय आहेत. बाळाला अंगावर पाजते हे तिने आपणहून सांगायला हवं.

आमवात असलेल्यालाही साधी दुखणी होतात

सगळ्यात अवघड वळण निदानानंतर येतं. आमवाताचा रुग्ण वर्षभर औषध घेतोय, रक्तातले दाहाचे आकडे नॉर्मल आहेत, सांध्यांवर सूज नाही, तरी तो म्हणतो, ‘काही फरक नाही, सगळं दुखतं.’ औषध वाढवायचं का?

आजाराचा जोर मोजायला डॉक्टर डीएएस-२८ नावाचा हिशेब वापरतात. त्यात २८ सांधे बघतात: किती दाबल्यावर दुखतात, किती सुजलेत. त्यात रक्तातला दाहाचा आकडा आणि रुग्णाने स्वतः दिलेले गुण मिळवतात. गंमत अशी की, यातले दोन घटक, म्हणजे दुखरे सांधे आणि रुग्णाचे गुण, दाह नसतानाही वाढू शकतात. फायब्रोमायल्जियात असंच होतं. त्यात शरीराची वेदनेची यंत्रणा अतिसंवेदनशील झालेली असते, झोप उडालेली असते, सकाळी थकूनच जाग येते. आमवाताच्या रुग्णांमध्ये हे सामान्य लोकांपेक्षा जास्त आढळतं. गुडघ्याची झीज, फ्रोझन शोल्डर, मनगटात नस दबणं हेही त्याच माणसाला होऊ शकतं.

आकड्याकडे बघून महागडं बायॉलॉजिक इंजेक्शन सुरू केलं, तर पैसे जातात, संसर्गाचा धोका वाढतो आणि दुखणं तिथेच राहतं. सांधा हाताने चाचपून ‘इथे सूज नाही, इथे कंडरा दुखतेय’ असं सांगू शकणारा डॉक्टर हे टाळतो. शंका असेल तिथे सोनोग्राफी सांध्याच्या अस्तराची सूज दाखवते. मग उपाय व्यायामाचा असतो, झोपेचा असतो, कधी एका जागच्या इंजेक्शनचा असतो. रुग्णाला हे पटवणं सोपं नसतं. ‘म्हणजे डॉक्टर म्हणतायत मी नाटक करतेय?’ असं त्याला वाटतं. वेदना खरी असते, फक्त तिचं उगमस्थान वेगळं असतं.

डॉक्टरकडे जाताना

एकच सांधा अचानक लाल, गरम, टम्म सुजला आणि ताप असेल, तर अपॉइंटमेंटची वाट बघायची नाही. त्याच दिवशी रुग्णालय गाठायचं. सांध्यात पू झाला असेल तर काही दिवसांतही सांधा कायमचा खराब होतो. कंबरदुखीसोबत लघवीवरचा ताबा गेला किंवा पायातली ताकद कमी झाली, तरी तसंच.

हे काही नसेल, पण बोटांची मुळं, मनगटं किंवा पायाची बोटं सहा आठवड्यांहून जास्त सुजत असतील आणि सकाळ आखडून जात असेल, तर संधिवाततज्ज्ञाला दाखवायला हवं. मोठ्या शहरांबाहेर हे तज्ज्ञ कमी आहेत आणि नंबर लागायला वेळ जातो. तोवर फॅमिली डॉक्टर तपासण्या सुरू करू शकतात.

सूज येते आणि जाते, आणि नेमकी अपॉइंटमेंटच्या दिवशी नसते, हा अनेकांचा अनुभव. म्हणून सुजलेल्या हाताचा सकाळचा फोटो काढून ठेवावा, दोन्ही हात शेजारी शेजारी ठेवून, तारखेसह. आतापर्यंत घेतलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं सोबत न्यावीत, त्या नाव नसलेल्या पुडीसकट.